ऑर्थोडॉन्टिक उपचार

ऑर्थोडॉन्टिक उपचार म्हणजे वाकडे, दाटीवाटीने आलेले, पुढे झुकलेले किंवा विरळ असलेले दात योग्य जागी आणण्यासाठी आणि वरच्या व खालच्या जबड्यांचा परस्परांशी मेळ बसवण्यासाठी केले जाणारे दंतवैद्यकीय उपचार होत. बोलीभाषेत यांना ‘दातांना तारा लावणे’ किंवा ‘क्लिपा बसवणे’ असे म्हणतात. हे उपचार लहान मुले व प्रौढ या दोघांवरही करता येतात. मात्र दोन्ही वयोगटांतील उद्दिष्टे, साधने व मर्यादा निरनिराळ्या असतात. उपचार साधारणतः दीड ते दोन वर्षे चालतात, त्या काळात दर चार ते सहा आठवड्यांनी तपासणीसाठी जावे लागते आणि तारा निघाल्यानंतरही दात जागेवर टिकवण्यासाठी दीर्घकाळ काळजी घ्यावी लागते. त्यामुळे पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे यांसारख्या डोंगराळ तालुक्यांत उपचाराचे यश साधनांइतकेच नियमित फेऱ्यांच्या नियोजनावर अवलंबून असते.

स्वरूप

माणसाला दुधाचे २० व कायमचे ३२ दात येतात. तोंड मिटल्यावर वरचे दात खालच्या दातांना किंचित बाहेरून झाकतात आणि दाढांचे उंचवटे समोरच्या दाढांच्या खोबणींत बसतात, ही सर्वसाधारण रचना होय. या रचनेत बिघाड असल्यास घास नीट चावला न जाणे, दातांच्या फटींत अन्न अडकून कीड लागणे, हिरड्यांना सूज येणे, काही उच्चार अस्पष्ट होणे असे त्रास संभवतात. वरचे पटाशीचे दात फार पुढे असल्यास खेळताना किंवा पडल्यावर ते तुटण्याचा धोका वाढतो. शाळेत होणारी चेष्टा, हसताना तोंडावर हात धरण्याची सवय यांसारखे मानसिक परिणामही दुर्लक्षणीय नसतात. किरकोळ वाकडेपणा मात्र आजार नव्हे. त्यामुळे खाण्याबोलण्यात किंवा दात स्वच्छ ठेवण्यात अडचण येत नसेल, तर उपचार करणे वा न करणे हा सर्वस्वी रुग्णाच्या इच्छेचा प्रश्न असतो.

बिघाडाची वर्गवारी करण्यासाठी अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये मांडलेली पद्धत आजही वापरली जाते. पहिल्या वर्गात दाढांचा मेळ बरोबर असतो, पण पुढचे दात वेडेवाकडे असतात. दुसऱ्या वर्गात खालची दंतपंक्ती वरच्या पंक्तीच्या मानाने मागे असते, तर तिसऱ्या वर्गात ती पुढे असते.

इतिहास

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याने दुधाचा दात पडण्यापूर्वीच त्यामागून उगवलेला कायमचा दात रोज बोटाने दाबून जागेवर आणण्याचा उपाय सांगितला आहे. फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार यांनी १७२८ मधील आपल्या ग्रंथात दात बांधून सरळ करण्यासाठी धातूच्या कमानीसारख्या पट्टीचे वर्णन केले. विसाव्या शतकाच्या आरंभी अँगल यांच्या कार्यामुळे ही दंतवैद्यकाची स्वतंत्र विशेष शाखा बनली. भारतात दंतवैद्यकीय व्यवसायाचे नियमन १९४८ च्या दंतवैद्य अधिनियमाने सुरू झाले आणि १९६५ मध्ये इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी ही या शाखेतील तज्ज्ञांची संघटना स्थापन झाली.

कारणे

दात व जबड्यांचा आकार बहुतांशी आनुवंशिक असतो. लहान जबड्यात मोठे दात आले की जागा अपुरी पडून दाटी होते. उलट स्थितीत फटी राहतात. याखेरीज पुढील कारणे आढळतात :

- अंगठा चोखण्याची सवय कायमचे दात येऊ लागल्यावरही सुरू राहणे.
- नाकातील अडथळ्यामुळे किंवा वाढलेल्या ॲडेनॉइडमुळे सतत तोंडाने श्वास घेणे.
- गिळताना जीभ पुढच्या दातांवर ढकलणे.
- दुधाच्या दाढा किडून वेळेआधी काढाव्या लागणे. अशा वेळी शेजारची दाढ रिकाम्या जागेकडे सरकते आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताला वाट उरत नाही.
- दुखापत, दात जन्मतः नसणे किंवा जादा असणे, तसेच दुभंगलेले ओठ व टाळू.

यांपैकी दुधाच्या दातांची कीड हे टाळता येण्यासारखे कारण आहे. ‘पडणारच आहेत’ म्हणून दुधाच्या दाढांकडे केलेले दुर्लक्ष पुढे तारांच्या खर्चाला निमंत्रण देऊ शकते. दाढ काढावीच लागली, तर ती जागा राखून ठेवणारे लहानसे साधन बसवता येते.

दात कसे सरकतात

दाताचे मूळ हाडात थेट रुतलेले नसते. त्याभोवती तंतूंचा एक पातळ थर असतो. दातावर हलका, पण सतत दाब दिला की ज्या बाजूला दाब पडतो तेथील हाड विशिष्ट पेशी विरघळवतात आणि ज्या बाजूला ताण पडतो तेथे दुसऱ्या पेशी नवे हाड घडवतात. अशा रीतीने दात हाडासकट आपली जागा बदलतो. हा वेग सर्वसाधारणपणे महिन्याला सुमारे एक मिलिमीटर असतो. दाब वाढवल्याने तो वाढत नाही. उलट जास्त दाबाने वेदना होतात व मुळांना इजा पोहोचू शकते. उपचारांना लागणारा काळ आणि दोन भेटींमधील अंतर या जैविक वेगावरूनच ठरते.

तपासणी व नियोजन

पहिल्या भेटीत तोंडाची तपासणी होते आणि रुग्णाची मुख्य तक्रार, पूर्वीचे आजार, सवयी व कुटुंबातील जबड्यांची ठेवण यांची माहिती घेतली जाते. त्यानंतर चेहऱ्याची व दातांची छायाचित्रे, दातांचे साचे किंवा डिजिटल स्कॅन, सर्व दात एकत्र दाखवणारा क्ष-किरण फोटो आणि चेहऱ्याच्या बाजूने घेतलेला क्ष-किरण फोटो यांच्या आधारे आराखडा तयार होतो. कीड भरणे, दात साफ करणे व हिरड्यांचे उपचार तारा लावण्यापूर्वी पूर्ण केले जातात.

जागा फारच कमी असल्यास किंवा दात फार पुढे असल्यास काही दात काढावे लागतात. बहुधा सुळ्यामागील पहिल्या उपदाढा काढल्या जातात. वरचा दात काढल्याने दृष्टी अधू होते, असा समज ग्रामीण व शहरी दोन्ही भागांत आढळतो. त्याला वैद्यकीय आधार नाही. दातांच्या व डोळ्यांच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंच्या शाखा वेगळ्या असून दात काढल्याने दृष्टीच्या मज्जातंतूला धक्का लागत नाही. प्रत्येक रुग्णाचे दात काढावेच लागतात असेही नाही. आराखडा समजावून घेताना दात का काढायचे, न काढल्यास काय होईल आणि दुसरा पर्याय कोणता, हे तीन प्रश्न विचारणे रुग्णाच्या हिताचे असते.

मुलांमधील उपचार

सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिल्या कायमच्या दाढा येतात आणि सुमारे बाराव्या वर्षापर्यंत तोंडात दुधाचे व कायमचे दात एकत्र असतात. अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिक तज्ज्ञांच्या संघटनेने पहिली तपासणी वयाच्या सातव्या वर्षापर्यंत व्हावी अशी शिफारस केली आहे. याचा अर्थ सातव्या वर्षी तारा लावाव्यात असा नाही. बहुतेक मुलांच्या बाबतीत केवळ लक्ष ठेवले जाते. पालकांना काळजीत पाडणारी वरच्या पुढच्या दातांमधील फट अनेकदा सुळे आल्यावर आपोआप मिटते.

काही दोषांवर मात्र लवकर उपचार करणे फायद्याचे असते. वरचा जबडा अरुंद असल्यास टाळूचे दोन अर्धभाग पूर्णपणे सांधले जाण्यापूर्वी तो रुंदावता येतो. वरचा जबडा मागे राहिलेला असल्यास चेहऱ्यावर अडकवण्याच्या साधनाने त्याला पुढे वाढण्यास मदत दिली जाते. हा उपाय साधारणतः दहाव्या वर्षाच्या आत अधिक परिणामकारक ठरतो. खालचा जबडा मागे असल्यास वयात येण्याच्या सुमारास, उंची झपाट्याने वाढत असताना ‘ट्विन ब्लॉक’सारखे साधन वापरतात. मुलींमध्ये ही वाढ मुलग्यांपेक्षा लवकर होत असल्याने दोघांचे वेळापत्रक सारखे नसते. वाढीचा हा काळ निघून गेल्यावर तोच दोष सुधारण्यासाठी शस्त्रक्रिया लागू शकते.

पूर्ण तारांचे उपचार बहुतेक मुलांमध्ये ११ ते १४ वर्षांच्या दरम्यान, दुधाचे दात पडून गेल्यावर सुरू होतात. काढता-घालता येणारी साधने मुलाने स्वतः दिवसातील ठरलेले तास वापरली तरच उपयोगी पडतात. म्हणून मुलाची तयारी हीदेखील उपचार सुरू करण्याची एक अट मानली जाते.

प्रौढांमधील उपचार

ऑर्थोडॉन्टिक उपचारांना वयाची वरची मर्यादा नाही. हिरड्या व हाड निरोगी असतील, तर चाळिशी-पन्नाशीतही दात सरकवता येतात. मात्र जबड्याची वाढ थांबलेली असल्याने तिला दिशा देता येत नाही. त्यामुळे जबड्यांतील मोठी तफावत दात हलवून झाकली जाते किंवा तारांसोबत जबड्याची शस्त्रक्रिया केली जाते.

प्रौढांमध्ये हिरड्यांचा आजार हा सर्वांत महत्त्वाचा अडथळा असतो. तंबाखू खाणे आणि मिश्री लावणे यांमुळे हिरड्या मागे सरकतात व हाड झिजते. तंबाखूमुळे आजाराची लक्षणेही काहीशी झाकली जातात. असा आजार आटोक्यात आणल्याशिवाय तारा लावल्यास दात सैल होण्याचा धोका असतो. अनियंत्रित मधुमेह, हाडे ठिसूळ होण्यावरील काही औषधे व गरोदरपण यांची कल्पना डॉक्टरांना आधी द्यावी लागते. पूर्वी बसवलेले इम्प्लांट सरकत नाहीत आणि ब्रिज असल्यास तो कापून वेगळा करावा लागू शकतो. पडलेल्या दाढेच्या जागी कृत्रिम दात बसवण्याआधी तिच्याकडे झुकलेले शेजारचे दात उभे करणे, हा प्रौढांमधील उपचारांचा एक नेहमीचा हेतू असतो.

साधने

धातूचे ब्रेसेस : प्रत्येक दातावर चिकटवलेले लहान ब्रॅकेट आणि त्यांतून जाणारी तार अशी यांची रचना असते. सुरुवातीला निकेल-टायटॅनियमची लवचीक तार आणि पुढे पोलादाची ताठ तार वापरतात. मागच्या दाढांभोवती काही वेळा धातूचे कडे बसवले जाते.

सिरॅमिक ब्रेसेस : दाताच्या रंगाचे असल्याने कमी नजरेस येतात, मात्र ते अधिक ठिसूळ व महाग असतात.

अलायनर : पारदर्शक प्लॅस्टिकच्या साच्यांचा क्रमवार संच. दिवसातून २० ते २२ तास घालून साधारण एक-दोन आठवड्यांनी पुढचा साचा घ्यावा लागतो. गुंतागुंतीच्या दोषांत यांची मर्यादा पडते. क्ष-किरण फोटो व प्रत्यक्ष तपासणी न करता केवळ घरपोच मिळणाऱ्या अलायनरमुळे हिरड्यांचे लपलेले आजार बळावू शकतात.

रबर व लहान स्क्रू : वरच्या-खालच्या दातांमध्ये अडकवायची रबरे रुग्णाने रोज बदलायची असतात. काही वेळा दात ओढण्यासाठी पक्का आधार म्हणून हाडात तात्पुरता बारीक स्क्रू बसवतात.

उपचारकाळातील अनुभव

ब्रॅकेट चिकटवताना वेदना होत नाहीत आणि भूलही लागत नाही. त्यानंतर काही तासांनी दात ठणकू लागतात व चावताना दुखतात. हा त्रास सहसा तीन ते सात दिवसांत ओसरतो आणि प्रत्येक वेळी तार बदलल्यावर कमी प्रमाणात परत जाणवू शकतो. गरज भासल्यास डॉक्टर पॅरासिटामॉलसारखे औषध सुचवतात. ओठ व गालांच्या आतून घासल्यामुळे तोंड येते. त्यावर मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या आणि ब्रॅकेटवर लावायचे विशिष्ट मेण उपयोगी पडते. उपचारादरम्यान दात किंचित हलतात, ते स्वाभाविक आहे.

आहारात पहिले काही दिवस मऊ भात, वरण, खिचडी, नाचणीची आंबील किंवा कालवणात कुस्करलेली भाकरी सोयीची ठरते. तांदूळ व नाचणी हे भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतील नेहमीचे धान्य असल्याने यासाठी वेगळा खर्च करावा लागत नाही. ऊस सोलून खाणे, चिक्की, फुटाणे, सुपारी, कडक लाडू व कणसावरून थेट मका खाणे यांमुळे ब्रॅकेट निघतो. पेरूसारखी फळे बारीक फोडी करून खाता येतात. निघालेला प्रत्येक ब्रॅकेट उपचाराचा काळ लांबवतो.

दात प्रत्येक जेवणानंतर फ्लोराईडयुक्त टूथपेस्टने घासणे आवश्यक असते. तारांखालून जाणारा बारीक ब्रशही वापरला जातो. मिश्री, राखुंडी किंवा कोळशाची पूड यांनी तारांभोवतीचा थर निघत नाही, शिवाय दात व हिरड्या झिजतात.

संभाव्य धोके

स्वच्छता न राखल्यास ब्रॅकेटभोवती पांढरे डाग पडतात. ही किडीची सुरुवात असते व डाग पुढे कायम राहू शकतात. हिरड्या सुजून रक्त येऊ शकते. दातांच्या मुळांची टोके काही प्रमाणात आखूड होतात. बहुतेकांत हा बदल नगण्य असतो, मात्र थोड्या रुग्णांत तो अधिक असल्याने मधूनच क्ष-किरण फोटो काढून खात्री केली जाते. निकेलची ॲलर्जी असल्यास ती आधी सांगावी लागते. दात पुन्हा पूर्वीच्या जागी सरकणे हा सर्वांत सामान्य धोका होय.

तारा निघाल्यानंतर

तारा काढण्यास सहसा एकच भेट पुरते. परंतु नव्या जागी आलेल्या दातांभोवतीचे हाड व तंतू स्थिरावण्यास बरेच महिने लागतात. त्यासाठी रिटेनर वापरला जातो. तो पुढच्या दातांच्या आतून चिकटवलेल्या बारीक तारेच्या किंवा काढता-घालता येणाऱ्या साच्याच्या स्वरूपात असतो. साचा आरंभी बहुतेक वेळ आणि पुढे फक्त रात्री लावतात. वयानुसार दात थोडेफार सरकतच राहतात; म्हणून रात्रीचा रिटेनर जितकी वर्षे वापरला जाईल तितका परिणाम टिकतो. उपचार तारांनी नव्हे, तर रिटेनरने पूर्ण होतात, असे मानले जाते.

भोर व वेल्हे तालुक्यांतील स्थिती

भोर व वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील सह्याद्रीतील तालुके आहेत. वेल्हे तालुक्याचे नाव ‘राजगड’ करण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. भाटघर, नीरा-देवघर, पानशेत, वरसगाव व गुंजवणी या धरणांच्या जलाशयांमुळे अनेक गावांचे रस्ते वळसा घेऊन जातात. दोन्ही तालुक्यांची मुख्य गावे पुणे शहरापासून साधारण ५० ते ६० किलोमीटरवर आहेत; हिरडस मावळातील किंवा तोरण्यापलीकडील वाड्यांसाठी हे अंतर आणखी वाढते.

शासनाच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी केली जाते. अंगणवाडीत ती वर्षातून दोनदा, तर शासकीय व अनुदानित शाळांत एकदा होते. दातांची कीड आणि दुभंगलेले ओठ-टाळू यांचा तपासणीच्या यादीत समावेश आहे. वाकडे दात या यादीत स्वतंत्रपणे नसले, तरी पालकांनी दातांची शंका विचारण्यासाठी ही गावातच मिळणारी संधी असते.

तारांच्या उपचारांसाठी दंत महाविद्यालयांची रुग्णालये हा खासगी दवाखान्यांपेक्षा सामान्यतः कमी खर्चाचा पर्याय आहे. तेथे पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. या तालुक्यांकडून पुण्यात येताना धनकवडी येथील भारती विद्यापीठाचे दंत महाविद्यालय सातारा रस्त्यावर, तर सिंहगड दंत महाविद्यालय वडगाव बुद्रुक येथे लागते. तालुक्याच्या गावांतील अनेक दवाखान्यांत ऑर्थोडॉन्टिक तज्ज्ञ ठरावीक दिवशी येऊन उपचार करण्याचीही पद्धत आहे. ऑर्थोडॉन्टिक तज्ज्ञ म्हणजे बीडीएस पदवीनंतर या विषयात तीन वर्षांची एमडीएस पदवी घेतलेला दंतवैद्य. त्याची नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे असते.

दोन वर्षांच्या उपचारात वीसच्या आसपास फेऱ्या होतात. एका फेरीत जाऊन-येऊन शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास, मुलाची बुडणारी शाळा आणि सोबतच्या पालकाची बुडणारी मजुरी यांचा हिशेब उपचारांच्या शुल्काइतकाच महत्त्वाचा ठरतो. शुल्क बहुधा हप्त्यांनी भरता येते, पण त्यात रिटेनर, निघालेले ब्रॅकेट आणि दात काढणे यांचा समावेश आहे का, हे आरंभीच लेखी घेणे श्रेयस्कर असते. भातलावणीचे दिवस, परीक्षा आणि अतिवृष्टीत बंद पडणारे रस्ते यांची कल्पना दिल्यास भेटींमधील अंतर काही वेळा सहा ते आठ आठवड्यांपर्यंत वाढवता येते. तारेचे टोक टोचू लागल्यास पुण्याला जाईपर्यंत त्यावर मेण लावता येते, ब्रॅकेट निघाल्यास तो जपून ठेवून दूरध्वनीवरून कळवता येते. तुकडा श्वासनलिकेत गेल्याची शंका, वाढती सूज किंवा ताप असल्यास मात्र त्वरित रुग्णालयात जावे लागते.

शिक्षण वा नोकरीसाठी गाव सुटल्यास उपचार दुसऱ्या तज्ज्ञाकडे सोपवता येतात. त्यासाठी साचे, क्ष-किरण फोटो व उपचारांची नोंद सोबत न्यावी लागते. उपचार मध्येच सोडून तारा तशाच ठेवणे सर्वांत हानिकारक असते. कारण देखरेखीविना दात नको त्या दिशेने सरकू शकतात, तारांखाली कीड वाढते आणि काढलेल्या उपदाढांच्या जागा उघड्या राहतात. पुढे येणे शक्यच नसेल, तर डॉक्टरांना तसे सांगून तारा उतरवणे आणि असतील त्या स्थितीत दात टिकवणारा रिटेनर घेणे हा अधिक सुरक्षित मार्ग आहे.